धाकूच्या तीन हाका

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. शिक्षण माझं तिसरीपर्यंत, तेही रडतखडत. पण चौदा वर्षं बोटीवर खलाशी म्हणून काढली आणि पुढची सत्तावीस इथं साउथहॅम्प्टनच्या गोदीत. समुद्रावर लोकांना काय वाट्टेल ते दिसतं. दिवे दिसतात, पाण्यावरून चालणाऱ्या बाया दिसतात. मला कधी काही दिसलं नाही. कुणी असलं बोलायला लागला की मी म्हणायचो, बाबा रे, तू जाऊन झोप.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात हे असले अनुभव छापून येतात, ते मी हसत वाचायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय. सून टाइप करून देणार आहे. तिला बजावलंय, एक शब्द बदलायचा नाही. चुका माझ्या आहेत, माझ्याच राहू देत.

२००७ सालचा मे महिना. मला सत्तर पुरी झाली म्हणून मुलानं, दिलीपनं, क्रूझ ठरवली. बोट इथूनच सुटणार होती, आमच्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर. मी, माझी बायको सुमती, दिलीप, सून आणि नात रिया, असे पाच जण. रिया तेव्हा आठ वर्षांची. मी आधी नाहीच म्हटलं. जन्मभर ज्या बोटींचे दोर बांधले, त्यावर पाहुणा म्हणून बसून काय करू? दिलीप म्हणाला, बाबा, एकदा वरच्या डेकवरून बघा तरी.

बंदरांची नावं छापलेला कागद आला. मी एकेक अक्षर लावत वाचला. पाचवं नाव वाचलं आणि कागदाची घडी करून खिशात घातली. क्रीट बेटावरचं हानिया. ग्रीक लोकांचं गाव. त्या गावाचं नाव माझ्या घरात चाळीस वर्षं कुणी काढलं नव्हतं.

का, ते सांगतो.

धाकू माझ्या गावचा, जयगडच्या खाडीकाठचा, माझ्याच वयाचा. सुमतीचा सख्खा मोठा भाऊ. आम्ही दोघं एकाच वर्षी बोटीवर लागलो. तो सातवी शिकलेला, म्हणून माझी घरची पत्रं तोच वाचून दाखवायचा. एकदा आईचं पत्र आलं. धाकूनं ते सगळ्या खलाशांसमोर मोठ्यानं वाचलं, आणि मधे स्वतःच्या मनाचं घातलं की इठ्या, तुझ्यासाठी मुलगी बघितली आहे, एका डोळ्यानं तुला बघते आणि दुसऱ्यानं तुझ्या म्हशीला. सगळे पोट धरून हसले. मला पत्रात काय आहे ते कळत नव्हतं म्हणून मीही हसलो. मग कळलं की हसतात ते मला. त्या दिवसापासून मी अबोला धरला. मी एकदा अबोला धरला की धरला.

चौथ्या दिवशी बोट क्रीटच्या सूडा नावाच्या बंदरात लागली. तिथून हानिया तासाभराच्या चालीवर. सुट्टी होती, मी निघालो. धाकू मागून आला, मी बोललो नाही. हानियाचं बंदर फार जुनं, अर्ध्या चंद्रासारखं वाकलेलं, आणि त्याच्या तोंडाला समुद्रातून लांबच लांब दगडी भिंत काढलेली. भिंतीच्या टोकाला दीपस्तंभ. त्या वेळी ती भिंत जागोजाग फुटलेली होती. मी पुढं, धाकू मागं. टोकाला पोचून मी वळलो तेव्हा भिंतीवर कुणी नव्हतं. मला वाटलं, रागावून परत गेला. बोटीवर आलो तर तिथंही नाही. आमची बोट सुटली, त्यानंतर तिथल्या कोळ्यांना तो सापडला. त्यांनीच तिकडे पुरला. आम्हाला कळलं ते पुढच्या बंदरात.

गावी परतल्यावर धाकूच्या आईसमोर जाऊन बसायची वेळ आली. तिला आम्ही काकी म्हणायचो. काकीनं एवढंच विचारलं, "त्यानं तुला हाक मारली नाही?"

आमच्याकडे समज असा की हाक एकदाच आली तर ओ द्यायची नाही. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो. ते जे असतं, ते एकदाच मारतं, आणि ओ दिली की मागं लागतं. मी म्हटलं, "काकी, एकच हाक आली होती. म्हणून मी ओ दिली नाही."

काकीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं केलंस."

दुसऱ्या वर्षी सुमतीशी माझं लग्न झालं. पुढे आम्ही इकडे आलो.

आता क्रूझ. हानियाच्या आदल्या दिवशी सुमतीनं केबिनमध्ये बॅग उघडली. आत नारळ होता. साउथहॅम्प्टनच्या इंडियन दुकानातून आणलेला, टॉवेलात गुंडाळलेला. मला म्हणाली, "अहो, दादाची जागा हीच ना? नारळ सोडायचाय."

मी म्हटलं, "नाही गं, ते बंदर बेटाच्या पलीकडच्या टोकाला. हे वेगळं."

का म्हटलं असं? एका खोट्यावर दुसरं बसतं म्हणून. तिनं नारळ परत टॉवेलात गुंडाळला.

सूडाला उतरून बसनं हानियात आलो. आता सगळं रंगवलेलं, नटवलेलं. बंदराच्या काठानं हॉटेलं, दारात उभे राहून बोलावणारे वेटर, घोडागाड्या. पण घुमटाची मशीद तीच, बोटी बांधायच्या दगडी कमानींच्या वखारी त्याच. आणि पाण्यापलीकडे ती भिंत, टोकाला दीपस्तंभ. स्वतःला म्हटलं, मर्दा, दगड आहेत ते.

उन्हामुळं बाकीचे एका हॉटेलात सावलीला बसले. रियानं हट्ट धरला, लाइटहाउसला जायचं. सून म्हणाली, बाबा, फार लांब आहे, राहू द्या. त्या 'राहू द्या'मुळंच मी उठलो. मला लांब काय सांगतेस?

भिंतीची आता डागडुजी झालेली आहे, चालायला चांगला रस्ता. डावीकडे बंदराचं हिरवं पाणी, उजवीकडे कठडा आणि त्याच्यामागं उघडा समुद्र. दुपारचे बारा वाजलेले. पुढं दीपस्तंभापाशी चार माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती, मागं कुणीच नाही. रिया माझ्यामागून उड्या मारत येत होती. मी बोलत नव्हतो. पावलं मोजत होतो म्हणा ना.

मध्यावर जुन्या बुरुजाचा भाग येतो. तो ओलांडला आणि मागून रियाचा आवाज आला, खणखणीत.

"ओऽ!"

मी वळलो. ती माझ्याकडे बघत नव्हती. बंदराच्या बाजूला दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात, तिकडे तोंड करून उभी होती.

इथं एक सांगायला हवं. रियाला हाक मारली की ती 'व्हॉट?' म्हणायची. मला ते खपायचं नाही. वर्षभर तिच्या मागं लागून मी तिला शिकवलं होतं की मोठ्या माणसानं हाक मारली की ओ द्यायची. दिली की मी तिला चॉकलेट द्यायचो. आणि सुमतीनं तिला ती तीन हाकांची गोष्ट सांगून ठेवली होती, गंमत म्हणून.

मी विचारलं, ओ कुणाला दिलीस?

म्हणाली, "तो माणूस बोलवते ना. तिकडे, स्टेप्सवर."

पायऱ्या रिकाम्या होत्या. मी म्हटलं, काय म्हणून बोलावतो?

"इठ्या."

इठ्या हे नाव या देशात कुणाला माहीत नाही. गोदीत मला विक म्हणायचे. दिलीप बाबा म्हणतो. सुमती नवऱ्याचं नाव घेत नाही, कधीच घेतलं नाही. ते नाव मी गावातच टाकून आलो होतो.

रियानं माझं तोंड बघितलं. तिला वाटलं मी रागावलो. घाईघाईनं म्हणाली, "आजोबा, मी काउंट केला. थ्री टाइम्स. आजी बोलली, थ्री म्हणजे रिअल माणूस. म्हणून मी ओ दिला. फर्स्ट टाइम हसत होती, सेकंड टाइम पण. थर्ड टाइम... ही वॉज क्रायिंग."

वाचकहो, आता खरं लिहितो. हा कागद चार दिवस इथंच अडला होता.

मला त्या दिवशी एक हाक आली नव्हती. तीन आल्या होत्या. पहिली चिडवायची, "इठ्याऽ". दुसरी तशीच, जरा जवळून. तिसरी वेगळी होती. तिसऱ्या हाकेत धाकू पाण्यात होता हे मला कळलं होतं की नव्हतं, हे मी चाळीस वर्षं स्वतःला विचारतो आहे. एवढं खरं की वेगळी होती, आणि मी मान वळवली नाही. म्हटलं, आता कशी गरज पडली. बोंबल. आणि टोकापर्यंत चालत गेलो.

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझं भान जागेवर येईपर्यंत रिया दोन पायऱ्या उतरली होती. उजवा हात पुढं केलेला, कुणी धरून उतरवावं तसा. मी तिला दंडाला धरून ओढलं. तिची टोपी पाण्यात पडली. ओढताना मला स्पष्ट कळलं की पलीकडूनही ओढ आहे. बांधलेल्या दोरावर बोटीचा भार आला की जशी ओढ येते तशी, हिसका न देता, सावकाश आणि जड. दोरांत माझा जन्म गेला, मला ती ओढ कळते. मग एकदम सैल झालं आणि आम्ही दोघं मागं पडलो.

रियाचा हात मनगटापर्यंत ओला होता, बर्फासारखा गार. पाणी तिच्यापासून सहा पायऱ्या खाली होतं.

मी तिला उचलून जवळजवळ पळत आणलं. सत्तरीत. हॉटेलपाशी येईपर्यंत हात उन्हात वाळला, आणि मनगटावर मिठाचे पांढरे पट्टे राहिले. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. दिलीप म्हणाला, लाट उडाली असेल. मी म्हटलं, हो, लाट. बंदरात त्या दिवशी पाणी ताटातल्यासारखं होतं.

ते पट्टे जाईनात. सुनेनं साबणानं धुतलं, तेल लावलं. पुसले की तासाभरात परत यायचे.

बोट परतीला लागली. रिया एरवी स्विमिंग पूलमधून निघायची नाही. आता जेवली की उठून बोटीच्या मागच्या डेकवर जायची आणि कठड्याला धरून मागं बघत राहायची, पाणी फाटत जातं त्या रेषेकडे. दुसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. विचारलं, काय बघतेस?

"तो चालते."

"कुठं?"

"वॉलवर."

मी म्हटलं, बाळा, भिंत मागं राहिली, दोन दिवस झाले. तिनं माझ्याकडे असं बघितलं की आजोबांना दिसतं कमी. म्हणाली, "नाही ना. वॉल आहे. आपला बोटपर्यंत आहे."

मला काही दिसलं नाही. फेस आणि पाणी, बस. पण मी तिथून हललो नाही. जेवायलाही गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी चूक झाली. बाथरूमला गेलो, पाच मिनिटंही नाही. परत येतो तर रिया कठड्याच्या खालच्या आडव्या दांडीवर चढलेली, पोटापासून वरचं सगळं अंग बाहेर, उजवा हात लांब केलेला. आणि तोंडानं ओ देत होती. ओ... ओ... ओ... लहान मूल रडून दमल्यावर देतं तशी. भर दुपारी, सगळीकडे लोक खुर्च्या टाकून ऊन खात पडलेले, एकाचंही लक्ष नाही. मी तिला कमरेला धरून खाली घेतलं. डोळे उघडे, पण मी तिला दिसत नव्हतो.

तिला सुनेच्या मांडीवर दिलं आणि आमच्या केबिनमध्ये गेलो. सुमती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. जागा तीच होती. हाका तीन होत्या. मी ऐकल्या होत्या. पोरीनं माझी ओ दिली.

सुमतीनं हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "आई काय म्हणायची माहीत आहे? धाकू हाका मारमारून कान किटवतो. एक हाक मारून गप्प बसेल तो माझा धाकू नव्हे."

म्हणजे काकीला तेव्हाच कळलं होतं. तरी ती म्हणाली होती, बरं केलंस.

मी विचारलं, तुलाही माहीत होतं?

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून." मग बॅगेतून नारळ काढला. "हाक तुम्हाला होती ना? मग पोरीला कशाला पुढं करता? चला."

मागच्या डेकवर गेलो. बोटीवरून पाण्यात काही टाकायला सक्त मनाई आहे हे मला गोदीतल्या माणसाला सांगायला नको. बोटीवरचा एक पोरगेला नोकर आमच्याकडे बघत होता. सुमतीनं त्याच्या देखत हळदकुंकू लावून नारळ दोन्ही हातांनी सोडला. फेसात गेला, वर आला, मागं मागं जात दिसेनासा झाला.

"द्या आता," ती म्हणाली.

आयुष्यात मी कुणापुढं मान तुकवली नाही. तिथं कठडा धरून, चार गोऱ्यांसमोर, मी ओरडलो. ओ. ओ धाकू. ओ रे. तीन वेळा. आवाज फाटला. सुमती माझ्या बाहीला धरून उभी होती, मी पुढं झुकू नये म्हणून. तिसरी ओ दिली आणि कठड्यावरचा माझा हात ओला झाला. मनगटापर्यंत. गार. एक दोन श्वास तसाच होता, मग वाळला.

रिया संध्याकाळपर्यंत झोपली. उठली तेव्हा चिप्स मागितले. मनगटावर काही नव्हतं. तिला भिंत आठवत नाही, माणूस आठवत नाही, हानियाचं आइस्क्रीम तेवढं आठवतं. आता दहा वर्षांची आहे. हाक मारली की 'व्हॉट?' म्हणते. मी काही बोलत नाही.

इथं हे संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं.

घरी आलो त्यानंतर महिनाभरानं. मी आमच्या गावातल्याच वेस्टनच्या किनाऱ्यावर बाकावर बसलो होतो, समोरून कंटेनरची बोट चाललेली, दुपारची वेळ. माझ्या पाठीमागं, अगदी कानाशी, हाक आली. "इठ्या." मी दुसऱ्या हाकेची वाट बघितली. आली नाही.

तेव्हापासून येते. महिन्यातून एखाद्या वेळी, कधी दोनदा. बागेत, बसमध्ये, सिंकवर कप धुताना. नेहमी दिवसा, नेहमी मागून. डॉक्टरनं कान तपासले, कान चांगले आहेत. सुमतीला ऐकू येत नाही. पण माझा चेहरा बघून तिला कळतं. ती विचारते, "आली का?"

मी म्हणतो, आली.

"किती?"

"एक."

"मग गप्प बसा," म्हणते आणि माझा हात धरून बसते.

ज्या हाका आल्या त्यांना मी ओ दिली, उशिरा का होईना. मग ही कुठली? काकीसमोर बसून मी जी एक हाक बनवून सांगितली, ती कधी आलेलीच नव्हती. आता येते आहे. ती खोटी होती तेव्हा मी म्हणालो होतो, एकाच हाकेला ओ देत नाहीत. काकीनं तर सांगूनच ठेवलंय, एक हाक मारून गप्प बसेल तो धाकू नव्हे.

पण आवाज धाकूचाच आहे. आणि परवा आली ती भिंतीवरच्या त्या तिसऱ्या हाकेसारखी होती.

कुणाला यातलं कळत असेल तर मंडळाच्या पत्त्यावर लिहा. मला कळत नाही. अजून मी ओ दिलेली नाही. दात दाबून बसतो. पण अलीकडे सुमती माझा हात पूर्वीपेक्षा घट्ट धरते.